तळे म्हणजे नुसते पाणी नव्हे

नद्या-तलावांचे व्यवस्थापन 'परिसंस्था' धरून करावे, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे पाणी, मासे, वनस्पती, वरचे जंगल आणि काठची माणसे यांचा एकत्र विचार. शब्द नवा आहे. पूर्व विदर्भाला विचार मात्र जुनाच.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो मालगुजारी तलाव आहेत. नाव मालगुजारांचे असले तरी त्यांतले कितीतरी तलाव गोंडराजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. उतारावर जंगल, खाली मातीची पाळ, पाळीखाली धानाची शेती अशी ही रचना. जास्तीचे पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात जाई. उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ शेतात पडे. ढीवर मासे धरीत, शिंगाडा लावीत. एकाच तळ्यावर सगळ्यांचे पोट, म्हणून राखणही सगळ्यांची.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. त्या व्यवस्थेत गरिबावर जुलूमही होताच. पण तिच्याबरोबर तलावाची वाटणी झाली. सिंचन एका खात्याकडे, मासेमारी दुसऱ्याकडे, जंगल तिसऱ्याकडे. गाळ मात्र कोणाच्याच वाट्याला आला नाही! तळी उथळ झाली, काठाने बेशरम माजली. उत्पन्न वाढावे म्हणून रोहू-कटल्याचे बीज सोडले गेले, पण अनेक ठिकाणी देशी मासे कमी झाले आणि ढीवरांच्या जाळ्यात काही येईना.

अलीकडच्या काळात गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढीवरांच्या सहकारी संस्था आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी उलट वाट धरली. बेशरम उपटली, तळ्याचा तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. वनस्पती आल्या तसे मासे आले, माशांमागे पक्षी. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ढीवरांना ठाऊक होते. ते त्यांना कोणी विचारले नव्हते, इतकेच.

मला यातून एवढेच उमगते की कागदोपत्री मालक बदलणे सोपे असते. तळ्याला मालकापेक्षा राखणदार लागतो, आणि ज्याचे पोट तळ्यावर आहे त्याच्याइतका चांगला राखणदार दुसरा मिळणे कठीण.

तुमच्या गावच्या तळ्याचा गाळ पूर्वी कोण काढी? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा. ते आहेत तोवरच हे कळेल.