सई परांजपे यांचे दिग्दर्शन : आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट

भारतीय समांतर चित्रपटाच्या इतिहासात सई परांजपे यांचा उल्लेख साधारणतः 'स्पर्श' (१९८०) या चित्रपटापासून सुरू होतो. त्यापूर्वीचे त्यांचे कार्य चरित्रात्मक तपशील म्हणून एखाद्या परिच्छेदात आटोपले जाते आणि नंतरच्या वाटचालीची बोळवण 'मध्यमवर्गीय विनोदी चित्रपट' या शब्दांत केली जाते. हे कालविभाजन सदोष आहे. आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरील काम हे परांजपे यांच्या चित्रपटाची केवळ पूर्वतयारी नसून त्याची घडणच त्या कामातून झाली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सई परांजपे यांचा जन्म १९३८ साली लखनौ येथे झाला. रँग्लर र. पु. परांजपे हे त्यांचे आजोबा. आई शकुंतला परांजपे संततिनियमनाच्या कार्यकर्त्या म्हणून परिचित असल्या तरी शांतारामांच्या 'दुनिया न माने' (१९३७) मध्ये त्यांनी भूमिकाही केली होती. 'मुलांचा मेवा' हा सईंचा परीकथासंग्रह त्या अवघ्या आठ वर्षांच्या असताना प्रसिद्ध झाला. पुणे आकाशवाणीवर निवेदन व मुलांचे कार्यक्रम केल्यानंतर त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण घेतले आणि १९६३ साली तेथील अभ्यासक्रम पूर्ण केला.

दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १९५९ साली सुरू झाले होते. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले ते १९७६ साली. म्हणजे परांजपे यांनी तेथे काम केले त्या काळातील बराच भाग हे माध्यम नभोवाणीच्याच छत्राखाली होते. कृष्णधवल चित्र, लहान स्टुडिओ, मोजकी पात्रे अशा मर्यादांत संवाद आणि आवाज यांवर नाट्याचा भार पडणे स्वाभाविक होते. या काळातील त्यांच्या 'द लिटल टी शॉप' (१९७२) या दूरचित्रवाणीपटास आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. मुलांसाठी त्यांनी 'जादू का शंख' (१९७४) व 'सिकंदर' (१९७६) हे चित्रपट केले, आणि बालचित्रपट समितीचे अध्यक्षपद पुढे दोनदा भूषविले.

'स्पर्श'चे मूळ 'रैना बीती जाए' या त्यांच्याच दूरचित्रवाणी नाट्यात आहे, तर 'चश्मेबद्दूर' (१९८१) या चित्रपटाचे 'धुआँ धुआँ' मध्ये. हा केवळ कथानकाचा पुनर्वापर नव्हे. 'स्पर्श'चा नायक अनिरुद्ध हा अंधशाळेचा दृष्टिहीन मुख्याध्यापक. डॉक्टरकडे जाताना कानावर आलेल्या गाण्याच्या मागाने तो भलत्याच दारापाशी पोचतो आणि तेथे त्याची कविताशी गाठ पडते. नायकनायिकेची पहिली भेट 'दिसण्या'वर बेतण्याचा हिंदी चित्रपटाचा रूढ संकेत येथे एका साध्या युक्तीने मोडला आहे. कविताचे सौंदर्य अनिरुद्ध तिचा सुगंध, आवाज आणि स्पर्श यांतून जाणतो. मात्र मदतीचा हात पुढे आला की तो बिथरतो. प्रेम आणि उपकार यांतील सीमारेषा कोठे, हा त्याचा प्रश्न चित्रपट अखेरपर्यंत सोपा करीत नाही. ज्या दिग्दर्शिकेने आरंभी केवळ ध्वनीवर कार्यक्रम उभे केले, तिलाच हा नायक सुचावा हा योगायोग मानता येत नाही. 'स्पर्श'ला उत्कृष्ट हिंदी चित्रपट, पटकथा आणि अभिनेता (नसीरुद्दीन शाह) असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

स्टुडिओच्या लहान जागेचा वारसा दुसऱ्याही एका रूपाने टिकला, तो म्हणजे शेजार. 'सख्खे शेजारी' हे मराठी नाटक आणि 'अडोस पडोस' ही दूरदर्शन मालिका यांच्या नावांतच तो आहे. 'चश्मेबद्दूर'मधील एका खोलीत राहणारे तीन मित्र, त्यांना उधारीवर सिगारेट पुरविणारा लल्लन मियाँ आणि कपडे धुण्याची 'चमको' पावडर घेऊन दारात उभी राहणारी मुलगी, एवढ्यावर सारा चित्रपट उभा आहे. स. ग. साठ्ये यांच्या 'ससा आणि कासव' या नाटकावर आधारलेल्या 'कथा' (१९८३) मध्ये मुंबईची चाळ आहे. येथील कासव, राजाराम, अखेरीस जिंकते खरे. पण ससा, बाशू, फसवणूक करून सहीसलामत निसटतो. या चित्रपटास निव्वळ 'हलकाफुलका' म्हणणाऱ्यांनी हा शेवट बहुधा लक्षपूर्वक पाहिलेला नसावा.

'दिशा' (१९९०) मध्ये हीच जागा गिरणी कामगारांच्या दाटीच्या गाळ्याचे रूप घेते. १९८२ च्या संपाने मुंबईच्या कापडगिरण्यांचे कंबरडे मोडल्यानंतर आलेल्या या चित्रपटात नजर शहराइतकीच मागे राहिलेल्या गावावर आहे. गावातील स्त्री विडी कारखान्यात काम करून स्वतःच्या पायांवर उभी राहते. परसराम (ओम पुरी) लोकांच्या टिंगलीस न जुमानता वर्षानुवर्षे विहीर खणत राहतो. त्या तुलनेत 'साज' दुबळा वाटतो. शिवाय त्याच्याविषयीची चर्चा खऱ्या गायिकांशी साम्य शोधण्यातच अडकून पडली.

या कार्याचा इतिहास लिहिताना साधनांची अडचण मोठी आहे. टेप महाग असल्यामुळे ध्वनिचित्रमुद्रण पुसून तीच टेप पुन्हा वापरण्याची पद्धत त्या काळी दूरचित्रवाणीत होती. त्यामुळे परांजपे यांच्या 'सय' (२०१६) या आत्मकथनास साधन म्हणून विशेष महत्त्व येते. अर्थात आत्मकथनास लागू पडणाऱ्या सर्व मर्यादांसह. 'चश्मेबद्दूर' २०१३ साली, त्याच नावाची नवी आवृत्ती आली त्याच वेळी, पुन्हा चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. त्या निमित्ताने जुन्या-नव्या चित्रपटांची तुलना भरपूर झाली. 'धुआँ धुआँ'शी तुलना करण्याचे मात्र फारसे कोणाच्या मनात आले नाही.