‘स्वेन’ : सेवकाचा प्रियकर होताना

प्रणयाराधन करणाऱ्या पुरुषासाठी इंग्रजीत एकेकाळी रूढ असलेला ‘स्वेन’ हा शब्द आज जुनाट आणि काहीसा विनोदी वाटतो. कोश त्याचा अर्थ ‘प्रियकर’ असा देतात. परंतु मुळात हा शब्द प्रेमाचा नसून सेवेचा आहे. प्राचीन नॉर्स भाषेत ‘स्वेइन्’ म्हणजे मुलगा किंवा चाकर. मध्ययुगीन इंग्रजीत तो सरदाराच्या पदरचा सेवक झाला आणि पुढे मेंढपाळ, शेतमजूर यांचाही वाचक ठरला. मराठीतील ‘गडी’ या शब्दाशी त्याचे अर्थक्षेत्र बरेचसे जुळते.

या चाकराचा प्रियकर झाला तो गोपकाव्याच्या संकेतव्यवस्थेत. थिओक्रिटस आणि व्हर्जिल यांची परंपरा प्रबोधनकाळात पुनरुज्जीवित झाली. स्पेन्सरच्या ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’मधील (1579) कॉलिन क्लाउट हा मेंढपाळ खरा, पण त्याचा मुख्य व्यवसाय रोझलिंडसाठी झुरणे हाच आहे. कळप नावापुरता उरतो. ‘स्वेन’ आणि ‘निम्फ’ ही जोडी पुढे इतकी रुळली, की मेंढरांशी कसलाही संबंध नसलेल्या नागर प्रियकरालाही ते नाव मिळू लागले. मिल्टनच्या ‘लिसिडस’मध्ये (1638) तर केंब्रिजच्या विद्वान मित्रासाठी शोक करणारा कवी स्वतःच ‘स्वेन’चा वेष घेतो.

हे अर्थांतर निरुपद्रवी नव्हते. श्रमिकाला काव्यात प्रवेश मिळाला, पण त्याचे श्रम बाहेरच राहिले. पोपची ‘पॅस्टोरल्स’ 1709 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच शतकात पार्लमेंटच्या कायद्यांनी सामायिक जमिनींना कुंपणे घातली जात होती. काव्यातला ‘स्वेन’ पावा वाजवीत असताना प्रत्यक्षातला ‘स्वेन’ चराईचा हक्क गमावीत होता.

या संकेताला छेद गेला तो काही अंशी खालून. विल्टशरचा शेतमजूर स्टीफन डक याने ‘द थ्रेशर्स लेबर’मध्ये (1730) मळणीचा घाम आणि धूळ काव्यात आणली. ग्रेच्या विलापिकेतील (1751) पिकल्या केसांचा ‘स्वेन’ प्रियकर नाही. तो मृत्यूची वार्ता सांगणारा ग्रामस्थ आहे. जॉर्ज क्रॅबने ‘द व्हिलेज’मध्ये (1783) हा संकेत उघडपणे नाकारला आणि दारिद्र्याने खंगलेला मजूर समोर ठेवला.

गोपकाव्य ओसरल्यावर ‘स्वेन’ थट्टेपुरता उरला. मात्र जहाजावरच्या ‘बोसन’ आणि ‘कॉक्सन’ या हुद्द्यांत तोच शब्द उच्चार बदलून टिकला आहे. तेथे त्याचा मूळचा सेवेचा अर्थ अद्याप कायम आहे, कारण दोर आणि नौका सांभाळणाऱ्या माणसाचे काम विसरणे जहाजाला परवडत नाही. काव्याला मात्र ते दोन शतके परवडले. ‘प्रियकर’ या कोशातील अर्थामागे हाच इतिहास आहे.