त्यांचे ते धाडस, आमचे ते अतिक्रमण

स्वप्नांचा पाठलाग करा, चाकोरी सोडा, धाडस करा, असा उपदेश हल्ली प्रत्येक व्याख्यानमालेत मिळतो. उदाहरणेही ठरलेली असतात. कुणी नोकरी सोडून कंपनी काढली, कुणी हिमालय चढला, कुणी अमेरिकेला गेला. मग मराठवाड्यातले गाव सोडून, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन जिवतीच्या पहाडावर चढलेला महार, मातंग, बंजारा या यादीत का नसतो, असा आमचा प्रश्न आहे. त्याच्या धाडसाला सरकारी दप्तरात वेगळा शब्द आहे, अतिक्रमण.

आधी इतिहास बघू. जिवती हा चंद्रपूर जिल्ह्यातला, माणिकगड पहाडावरचा, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला तालुका. हा सगळा पूर्वीच्या मोठ्या राजुरा तालुक्याचा भाग, आणि राजुरा होता निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. 1956 साली हैदराबाद राज्य मोडले तेव्हा राजुरा नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि 1959 साली तिथून चांदा जिल्ह्यात आला. म्हणजे मराठवाड्याच्या माणसाला हा मुलूख परराज्य नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण 'बाहेरून आलेले' हा शब्द इथे फार सैल वापरला जातो.

पहाडावर मूळचे गोंड आणि कोलाम. साठच्या दशकापासून, आणि पुढे 1972 च्या दुष्काळात तर मोठ्या संख्येने, मराठवाड्यातली भूमिहीन आणि कोरडवाहू कुटुंबे वर आली. झुडपे काढली, दगड वेचले, कापूस, ज्वारी, तूर पेरली. पोट हे कारण होतेच. पण नुसत्या पोटाचा प्रश्न असता तर दुष्काळी कामावर खडी फोडूनही दिवस निघाले असते. लाखो लोकांनी तसेच काढले. खडी फोडणारा माणूस पाऊस पडल्यावर पुन्हा त्याच मालकाच्या वाड्यासमोर सालगडी म्हणून उभा राहणार होता. पहाडावर गेलेल्याने ती परतीची वाटच सोडली. ज्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्या 'अमक्याचा गडी' एवढीच होती, त्याला स्वतःच्या नावाचा सातबारा हवा होता. त्या काळात याहून मोठे स्वप्न कोणते होते, ते आम्हाला कुणी सांगावे.

हे स्वप्न आकाशातून पडले नव्हते. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव केला. 1947 साली घटना समितीसाठी तयार केलेल्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी त्याला पक्के रूप दिले. पडीक पण लागवडीलायक सरकारी जमीन वसाहत आयोगाच्या ताब्यात द्या आणि तिथे अनुसूचित जातींची स्वतंत्र गावे वसवा, ही ती मागणी. ज्या गावात महारवाडा वेशीबाहेर, त्या गावाच्या प्रेमाचे गोडवे गाऊ नका, असे बाबासाहेबांचे एकूण म्हणणे होते. पन्नाशीच्या दशकात मराठवाड्यात भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी भूमिहीन सत्याग्रह झाला आणि लाखोंनी तुरुंग भरले. पहाडावर आलेल्या प्रत्येकाने हे वाचले होते असा आमचा दावा नाही. बंजारा तांड्यांची वाट तर स्वतंत्रच होती. पण गाव सोडता येते आणि पडीक सरकारी जमिनीवर भूमिहीनाचा हक्क आहे, हे वारे तेव्हा वाहत होते.

आता अडचणीची बाजू, कारण ती झाकून आंबेडकरी इतिहास लिहिता येत नाही. रिकामा वाटलेला पहाड रिकामा नव्हता. इथून जवळच जोडेघाटला 1940 साली कुमराम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला, तो जल, जंगल, जमिनीसाठीच. कोलामांची फिरती शेती, त्यांची रानातली ये-जा नव्या वस्त्यांमुळे आक्रसली. या हिशेबात कोलामांचे देणे लागतो, असे आम्ही मानतो. पण कोलाम आणि बौद्ध, गोंड आणि बंजारा यांना आमनेसामने उभे करून फायदा कुणाचा होतो, हेही बघा. पहाडाच्या पायथ्याशी, गडचांदूर परिसरात सिमेंटसाठी चुनखडीचे डोंगर पोखरले जातात. त्याला मात्र विकास म्हणतात.

2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा आशा वाटली. त्यात आदिवासींसाठी 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा पुरतो. 'इतर पारंपरिक वन निवासी' असाल तर त्या तारखेपूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते. मागे मोजत गेलो की 1930 साल येते. बाबासाहेब तेव्हा काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभारत होते आणि आमची माणसे बलुत्याच्या भाकरीला बांधलेली होती. ज्याला गाव सोडायची मुभा नव्हती, त्याच्या नातवाला कायदा विचारतो की तुझा आजोबा तेव्हा जंगलात का नव्हता! पट्टा नाही म्हणून पीककर्ज नाही, कर्ज नाही म्हणून सावकार. ज्याच्यापासून पळून आलो, तो इथेही गाठतोच.

सीमेवरच्या मुकदमगुडा, परमडोली अशा 14 गावांची कथा आणखी निराळी. दोन राज्ये हक्क सांगतात, लोकांकडे दोन-दोन रेशनकार्डे आहेत, पण जमीन नावावर करायची वेळ आली की दोन्हीकडून टोलवाटोलवी.

आता तिसरी पिढी उभी आहे. तिचे धाडस आजोबांपेक्षा वेगळे आहे. पहाड उतरून चंद्रपूर, नागपूर, पुण्याला शिकायला जायचे. तिथे प्रवेशासाठी जातीचा दाखला लागतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा रहिवास पुरावा मागतात. बाप जिवतीत जन्मला तरी उपयोग नाही. आजोबांनी जे गाव सोडले त्याच गावी जाऊन कागद शोधायचा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नाव सापडत नाही, कारण आजोबांना शाळेत कुणी बसूच दिले नव्हते. नात्यातले कुणी शिकलेले निघाले तर त्याच्या दाखल्यावर काम होते. नाही तर बसभाडे, मजुरी बुडवून चकरा, आणि तेवढ्यात प्रवेशाची मुदत संपते.

म्हणून आम्ही दोन मागण्या घेऊन फिरतो आहोत. पहाडावरच्या बिगरआदिवासी भूमिहीनांसाठी 75 वर्षांची अट शिथिल करा, कोलाम-गोंडांचे दावे आधी निकाली काढून. आणि दाखल्यांसाठी जिवतीतच शिबिरे घ्या, मूळ गावाच्या तहसील कार्यालयाशी पत्रव्यवहार सरकारने स्वतः करावा. अर्ज जूनच्या आत निघाले पाहिजेत, कारण त्यानंतर प्रवेश सुरू होतात.