एआयमुळे जाहिरातींच्या तंत्रज्ञानातल्या नोकऱ्या कशा बदलत आहेत? बुलढाण्याच्या तरुणांचा याच्याशी काय संबंध?

मोबाइलवर स्क्रोल करताना मध्येच खामगावच्या चांदीच्या दुकानाची जाहिरात दिसते. ती नेमकी तुम्हालाच का दिसली? त्या जागेसाठी पापणी लवायच्या आत संगणकांमध्ये लिलाव झालेला असतो. हा लिलाव चालवणाऱ्या उद्योगाला ॲडटेक म्हणतात.

महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या पबमॅटिक या अमेरिकी कंपनीचं मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. मुंबईच्या दिव्यांक तुरखिया यांनी उभारलेली मीडिया डॉट नेट ही कंपनी २०१६ मध्ये सुमारे ९० कोटी डॉलरला चिनी गुंतवणूकदारांनी घेतली.

एआयने काय बदललं?

पूर्वी जाहिरात कोणाला, कधी आणि किती पैशांत दाखवायची, हे कर्मचारी ठरवत. गुगलच्या ‘परफॉर्मन्स मॅक्स’मध्ये (२०२१) आणि मेटाच्या ‘ॲडव्हांटेज प्लस’मध्ये (२०२२) यातलं बरंच काम यंत्रणाच करते. दुकानदाराने फोटो, बजेट आणि उद्दिष्ट दिलं की झालं.

२०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने एआय वापरून शाहरुख खानच्या तोंडी गल्लीतल्या दुकानांची नावं घातली. छोट्या दुकानदाराला जे परवडलं नसतं, ते मोफत मिळालं.

नोकऱ्यांचं काय?

बोली लावणं, रिपोर्ट बनवणं, एकाच जाहिरातीचे दहा नमुने करणं ही कामं आधी आटतात. नेमकी हीच कामं नवशिक्यांना मिळायची. खरी अडचण इथेच आहे. खालच्या पायऱ्याच गेल्या, तर उद्याचे टीम लीडर शिकणार कुठे?

नेतृत्व कसं बदलतंय?

पूर्वी मोठी टीम सांभाळणारा मॅनेजर मोठा मानला जाई. आता यंत्रणेला काय सांगायचं, तिचा निकाल कुठे चुकतोय आणि पैसे वाया जातायत का, हे ओळखणारा माणूस हवा असतो. ग्राहकांची माहिती वापरण्यावर बंधनं घालणारा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. चूक यंत्राची असली तरी उत्तर कंपनीलाच द्यावं लागतं.

बुलढाण्यातून काय करता येईल?

शेगाव, मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकलेली अनेक मुलं नोकरीसाठी पुणे गाठतात. त्यांनी कोडिंगसोबत संख्याशास्त्र आणि ग्राहकाचं मन समजून घ्यावं. सुरुवात गावातूनही होते. चिखलीतल्या एखाद्या दुकानासाठी छोट्या बजेटची जाहिरात चालवायची आणि त्यातून किती गिऱ्हाईक खरोखर दुकानात आलं, ते वहीत मांडायचं. वऱ्हाडी बोलीत कोणता शब्द गिऱ्हाइकाला भिडतो, हे यंत्रापेक्षा इथल्या माणसाला जास्त ठाऊक असतं.