दैवतांचे समीकरण : नाम, कार्य आणि अनुवाद

१९९३ साली अफगाणिस्तानातील रबातक येथे कनिष्काचा एक शिलालेख उजेडात आला. लिपी ग्रीक, भाषा बॅक्ट्रियन. निकोलस सिम्स-विल्यम्स आणि जो क्रिब यांनी तो प्रसिद्ध केल्यावर गाजली ती त्यातील कुषाण राजांची वंशावळ. दैवतांच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यातील एक बारीक तपशील अधिक मोलाचा आहे. लेखात नना, उम्मा, अहुरमज्द, स्रोश, मिहिर अशा देवतांची यादी येते. स्रोशाच्या नावावर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, लहान अक्षरांत एक टीप कोरलेली आहे : भारतीय भाषेत याला महासेन म्हणतात आणि विशाखही म्हणतात. महासेन आणि विशाख ही स्कंदाशी निगडित नावे. इराणी परंपरेतील स्रोश हा प्रार्थनेच्या आज्ञापालनाचा, दुष्टांशी लढणारा यजत. या दोघांचे कूळ एक आहे, असे कोरणाऱ्याने म्हटलेले नाही. एकाला दुसऱ्या भाषेत काय म्हणायचे, एवढेच तो सांगतो. ही टीप व्युत्पत्तीची नाही, अनुवादाची आहे.

आधुनिक तुलनात्मक दैवतशास्त्राचा आरंभ नेमका उलट टोकाकडून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅक्स म्यूलरने ‘द्यौष्पितर्’, ‘झ्यूस पातेर’ आणि ‘जुपिटर’ या नामांचे एकत्व मांडले, आणि जर्मानिक ‘त्यूर’लाही त्याच रांगेत बसवले. पहिल्या तिघांपुरते हे समीकरण भाषाशास्त्रीयदृष्ट्या आजही अभेद्य आहे. पण त्यातून दैवतांविषयी काय कळते? ऋग्वेदात केवळ द्यौला उद्देशून एकही स्वतंत्र सूक्त नाही. पृथ्वीच्या जोडीने त्याची स्तुती होते, एरवी तो इतर देवांचा पिता म्हणून उल्लेखापुरता येतो. ग्रीकांचा झ्यूस मात्र देवांचा राजा, वज्रधारी, पर्जन्यदाता. त्याचे काम वेदांत द्यौ करीत नाही, इंद्र करतो. आणि इंद्राच्या नावाशी झ्यूसच्या नावाचा काडीचा संबंध नाही.

त्यूरची गोष्ट आणखी बोलकी आहे. पुढील भाषाशास्त्रज्ञांनी त्याचे नाव ‘द्यौस्’शी नव्हे, तर ‘देव’ या सामान्यनामाशी जोडले. म्हणजे नावाच्या मुळाशी गेल्यावर हाती लागले ते एवढेच, की हा देव ‘देव’ होता. जर्मानिक लोकांनी रोमन सप्ताह आपल्या भाषेत आणला तेव्हा त्यांना व्युत्पत्तीची चिंता नव्हती. मार्सचा वार त्यांनी त्यूरच्या नावे केला, कारण दोघेही युद्धाशी संबंधित. आणि जुपिटरचा वार मेघगर्जना करणाऱ्या थोरला दिला. पुढे ड्युमेझिलने त्रिविध कार्यांच्या व्यूहात त्यूरला मित्राच्या, म्हणजे न्याय आणि करार यांच्या बाजूला बसवले. एकाच देवाचा एकाने द्यौ केला, दुसऱ्याने मार्स, तिसऱ्याने मित्र. तोच ग्रहसप्ताह भारतातही आला. इ.स. ४८४च्या एरण येथील स्तंभलेखात सुरगुरूचा वार नोंदलेला आहे, आणि जुपिटरच्या जागी येथे देवराज इंद्र न येता देवांचा पुरोहित आला. ग्रहाच्या फलज्योतिषी स्वभावाला राजापेक्षा गुरू जवळचा वाटला असावा.

नामसाम्य टिकूनही अर्थ कसा उलटतो, याचे उदाहरण तर घरचेच आहे. इ.स.पू. चौदाव्या शतकातील मितन्नी-हित्ती करारात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला बोलावलेले आहेत. अवेस्तेत त्यांपैकी मिथ्र पूज्य राहिला. इंद्र आणि नाओंहइथ्य हे दएव, म्हणजे दुष्ट शक्ती, झाले.

ग्रीकांच्या भारतीय अनुभवात अनुवादाचे राजकारण उघड दिसते. शूरसेनांच्या प्रदेशात, मथुरेत, हेराक्लीसची विशेष पूजा होते असे मेगॅस्थनिसने लिहिले. हा हेराक्लीस म्हणजे कृष्ण, हे मत बहुतेकांना मान्य आहे. पण हेराक्लीसच का? अलेक्झांडर स्वतःला हेराक्लीसचा वंशज म्हणवीत असे. आपला पूर्वज आधीच जेथे जाऊन आला, ती भूमी परकी राहत नाही. सुमारे दोन शतकांनी तक्षशिलेच्या अंतलिकित राजाचा दूत हेलिओदोर विदिशेला आला. त्याने वासुदेवाप्रीत्यर्थ गरुडध्वज उभारला, ब्राह्मी अक्षरांत प्राकृत लेख कोरवला आणि स्वतःला भागवत म्हणवले. त्या लेखात हेराक्लीस नाही. मेगॅस्थनिसने देवाचे भाषांतर केले. हेलिओदोराने देवाचे नाव तसेच राहू दिले आणि भाषांतर केले ते स्वतःचे. भक्तीच्या इतिहासात ही दुसरी कृती अधिक दुर्मीळ आहे, आणि तुलनाकारांनी तिच्याकडे फारच थोडे लक्ष दिले आहे.

रबातकच्या टिपेतील महासेनाकडे आता पुन्हा वळावे लागते, कारण त्याच्या पुढील प्रवासात नाम आणि कार्य यांची फारकत महाराष्ट्रापर्यंत येऊन पोचते. येथे कार्तिकस्वामी ब्रह्मचारी आहे. स्त्रियांनी त्याचे दर्शन घेऊ नये असा संकेत आहे. तमिळ प्रदेशात तोच देव मुरुगन म्हणून दोन पत्नींचा पती आहे : एक इंद्रकन्या देवसेना, दुसरी राळ्याच्या शेताची राखण करणारी, रानातली वळ्ळी, जिच्यासाठी तो वेष पालटून जातो. नाव एकच मानले, तरी हे दोघे एक नव्हेत. उलट महाराष्ट्रात ज्याचे नाव स्कंद नाही, त्या खंडोबालाही दोन बायका आहेत : लिंगायत वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई, आणि बाणाईसाठी तोही वेष पालटून धनगराघरी चाकरीला राहतो. स्कंदषष्ठीचा उत्सव सहा दिवसांचा, शेवटी असुरवध. चंपाषष्ठीचा उत्सवही सहा दिवसांचा, शेवटी असुरवध. शूरपद्म मरताना मोर आणि कोंबडा होऊन मुरुगनच्या सेवेत दाखल होतो. मणी शरण येऊन खंडोबाच्या पायाशी जागा मिळवतो. गुंटर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी धनगरांच्या मौखिक परंपरेच्या आधारे या जगाचा जो शोध घेतला, त्यामुळे अशी साम्ये केवळ योगायोगाची म्हणून झटकता येत नाहीत.

तरीही ‘खंडोबा म्हणजे मुरुगन’ असे विधान करणारा अभ्यासक ‘मल्लारिमाहात्म्या’च्या कर्त्यापेक्षा फारसे वेगळे काही करीत नाही. त्या संस्कृत ग्रंथाने खंडोबाला मार्तंडभैरव, म्हणजे शिवाचा अवतार ठरवले. कर्नाटकातील मैलार, तेलुगू प्रदेशातील मल्लन्ना ही याच देवाची रूपे. मैलारचे संस्कृतीकरण ‘मल्लारि’ असे झाले, आणि नावाला अर्थ हवा म्हणून मल्ल हा दैत्य आला, असे म्हणायला जागा आहे. मुसलमान भक्तांनी त्याला मल्लूखान म्हटले. यांतले प्रत्येक समीकरण कोणाच्या तरी सोयीचे आहे, परंतु सगळ्यांचे वजन सारखे नाही. मल्लूखान हे शेजाऱ्याने हाक मारण्यासाठी केलेले नाव; मार्तंडभैरव हे दर्जा देण्यासाठी दिलेले नाव, आणि दर्जा देणारा काही अटीही घालतो. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात गवळी-धनगरांच्या देवाचे वैष्णवीकरण विलक्षण व्यासंगाने उलगडले, पण शीर्षकातला ‘समन्वय’ हा शब्द त्या अटींना जरा जास्तच सौम्य करतो.

अटी कोठे दिसतात, हे नैवेद्यावरून कळते. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा चढतो. शिव ठरलेल्या देवाच्या ताटात एवढेच बसते. धनगराच्या देवाचा बोकड मात्र कथेतून नाहीसा झालेला नाही. मरतेवेळी मणी जे वर मागतो, त्यांत बोकडाच्या मांसाचा नैवेद्य आहे, आणि तो मान देवाला नव्हे, दैत्याला मिळतो.