रिसीव्हर पॅनेलजवळ धरा

१९९६ चा डिसेंबर. रात्री साडेदहाला घरचा फोन वाजला. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा इलेक्ट्रिशियन बोलत होता. गळीत हंगाम जोरात चाललेला आणि सेंट्रिफ्यूगलचा डीसी ड्राइव्ह धक्के देत होता. साखरेचा दाणा मळीपासून वेगळा करणारं हे यंत्र अडलं की मागचं सगळं तुंबत जातं. मी तेव्हा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात ड्राइव्ह बनवणाऱ्या विभागात होते. रातोरात निघाले असते तरी पोचायला सकाळ उजाडली असती. मी म्हटलं, "दादा, फोनची वायर पॅनेलपर्यंत पुरते का? मग दार उघडा, हात लांब ठेवा, रिसीव्हर पॅनेलजवळ धरा आणि दोन मिनिटं काही बोलू नका."

ड्राइव्हमधला सहा थायरिस्टरचा ब्रिज, म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, नीट चालत असला की सेकंदाला ३०० ठोके पडतात. त्याची एकसुरी गुणगुण असते. सहांतला एक जरी चालायचा थांबला, तर दर फेरीला दोन ठोके चुकतात आणि त्या गुणगुणीत ५० हर्ट्‌झची घरघर मिसळते. साधा टेलिफोन ३०० हर्ट्‌झच्या खालचं फारसं काही पोचवत नाही, त्यामुळे तो ५० चा सूर तारेतून येतच नाही. पण त्याच्या पटीतले वरचे सूर येतात आणि कान हरवलेला सूर आपोआप जोडून घेतो. मला घरघर स्वच्छ ऐकू आली. "एक जण काम करत नाहीये. बंद करा, थोडा वेळ थांबा आणि सगळ्या गेट वायरी एकेक करून ओढून बघा." पंधरा मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन आला. चौथ्याची वायर लगमधून निसटली होती. त्यांनी न सांगताच रिसीव्हर पॅनेलजवळ धरला. गुणगुण एकसुरी झाली होती.

घरून काम करणं २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालं, असं सगळे म्हणतात. आमच्या धंद्यापुरतं मला ते पटत नाही. यंत्रापासून लांब सरकत जाणं हाच पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर यंत्राजवळ कुणीतरी उभं राहिलं म्हणूनच बाकीच्यांना लांब जाता आलं.

आज मी पनवेलजवळ विचुंब्यात तिसऱ्या मजल्यावर बसून कन्व्हर्टरचं, म्हणजे विजेचं रूप बदलणाऱ्या यंत्रांचं, काम करते. खिडकीतून पूर्वेला माथेरान आणि प्रबळगडाची रांग दिसते. आम्ही राहायला आलो तेव्हा मधल्या सपाटीवर भाताची खाचरं होती. आता तिथे इमारती आहेत, आणि पावसाळ्यात डोंगराचा फक्त माथा वर दिसतो. टेबलावर लॅपटॉप, दोन चॅनेलचा स्कोप आणि ४८ व्होल्टचा पुरवठा. याहून जास्त व्होल्टेज मी घरात आणत नाही. खरा कन्व्हर्टर ८०० व्होल्टवर चालतो आणि तो शंभरेक किलोमीटरवर, भोसरीतल्या एका लॅबमध्ये आहे.

या धंद्याचा आपल्याकडचा उगम शोधायचा तर तो याच डोंगरांच्या पलीकडे सापडतो. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून त्यावर वीज केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. ती एसी वीज, गिरण्यांच्या मोटरीही एसीवर चालणाऱ्या. रूपांतराचा प्रश्न नव्हता. तो रेल्वेने आणला. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, कारण गाडी ओढायला त्या काळी डीसी मोटरीसारखी दुसरी मोटर नव्हती. सुटताना जोर भरपूर आणि वेग आवरायला सोपी. पण १५०० व्होल्ट म्हणजे गाडीच्या मानाने कमीच. व्होल्टेज कमी म्हणून करंट जास्त, करंट जास्त म्हणून तारेतली घट जास्त. म्हणून थोड्या थोड्या किलोमीटरवर सबस्टेशन हवं, प्रत्येकात एसीचं डीसी करणारं यंत्र हवं आणि त्या यंत्राजवळ रात्रंदिवस पाळीवर माणूस हवा. मुंबईच्या लोकलचा इतिहास लिहिताना मोटरमनची आठवण होते, गार्डची होते. मला त्या पाळीवरच्या माणसाबद्दल फार वाटतं. शहर वेळेवर कामाला पोचत होतं ते त्याच्या जागरणावर.

जगभर हे काम आधी फिरती यंत्रं करत. नंतर पाऱ्याचे रेक्टिफायर आले. १९०२ मध्ये अमेरिकेत पीटर कूपर ह्युइटने ते शोधून काढले होते. मी असा रेक्टिफायर चालू असताना एकदाच पाहिला, १९७९ मध्ये, आठ वर्षांची असताना. मामा लालबागच्या एका थिएटरात ऑपरेटर होता. प्रोजेक्टरच्या कार्बनच्या कांड्यांना डीसी लागे आणि तो शेजारच्या खोलीत तयार होई. लोखंडी जाळीच्या कपाटात भला मोठा काचेचा फुगा, त्याला खाली वळलेले काचेचे हात आणि तळाशी पाऱ्याचं डबकं. त्या डबक्यावर एक लखलखीत ठिपका सैरावैरा पळत होता आणि सगळा फुगा निळ्या-जांभळ्या उजेडाने भरलेला. कांड्या पेटल्या की उजेड वाढे. मामा जाळीबाहेर उभा राहून नुसत्या रंगावरून सांगे, आज गरम झालाय, पंखा बघायला हवा. मी पुढे व्हीजेटीआयला इलेक्ट्रिकलला गेले, त्याचं मूळ त्या खोलीत आहे.

त्या काचेच्या फुग्याचे दिवस तेव्हा संपतच आले होते. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये थायरिस्टर तयार झाला. लगेच पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये, आपल्याकडे हिंद रेक्टिफायर्स ही कंपनी इंग्लंडच्या वेस्टिंगहाऊस ब्रेक अँड सिग्नलच्या सहकार्याने उभी राहिली. तिचा भांडुपचा कारखाना आमच्या पिढीच्या मुंबईकर इंजिनियरांना चांगला ठाऊक. सिलिकॉन आलं आणि उजेड गेला. तळहाताएवढी चपटी चकती, दोन हीटसिंकच्या मध्ये दाबून बसवलेली. आत काय चाललंय ते बाहेरून काही दिसत नाही. मग राहिला कान. आम्ही नवीन लागलो तेव्हा टेस्ट बेडवरचे जुने फोरमन पाठ करून उभे राहत आणि सांगत, "तिसरं फायरिंग कार्ड काढ." मी ऐकायला त्यांच्याकडून शिकले.

पुढे कान लावायलाही जवळ जाता येऊ नये अशी यंत्रं आली. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या डीसीची, लाइन १९९९ मध्ये सुरू झाली. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची १५०० मेगावॉट वीज अधिक-उणे ५०० किलोव्होल्टवर कल्याणजवळच्या पडघ्याला येते आणि तिथे पुन्हा एसी होते. दोन्ही टोकांना थायरिस्टरांच्या उंच रांगा असलेली दालनं आहेत. लाइन चालू असताना त्या दालनात कुणीही जात नाही, जाऊच शकत नाही. एकेका थायरिस्टरला चालू होण्याचा इशारा काचेच्या तंतूतून, प्रकाशाने जातो. म्हणजे पडघ्याच्या आवारातच नोकरीला असलेला इंजिनियरसुद्धा आपल्या यंत्रापासून भिंतीपलीकडे. टाळेबंदीच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट. लांबून काम करणं तिथे सोयीचं नव्हतं, सक्तीचं होतं.

रेल्वेत याच काळात उलटी गंमत घडली, आणि मला ती फार आवडते. २५ किलोव्होल्ट एसी आली तशी सबस्टेशनं लांब लांब गेली आणि रूपांतराचं यंत्र थेट गाडीत चढलं. पुढे त्याला बळ दिलं आयजीबीटी या नव्या स्विचने. ऐंशीच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये तो घडवणाऱ्यांत भारतात जन्मलेले, आयआयटी मद्रासचे बी. जयंत बालिगा अग्रणी होते. मुंबईत २००७ पासून सीमेन्सची यंत्रणा असलेल्या लोकल आल्या. सुटताना त्यांच्या पोटातून जो पायरी-पायरीने चढणारा सूर येतो, तो इन्व्हर्टरचा. फलाटावर उभ्या असलेल्या लाखो माणसांच्या कानावर माझ्या धंद्याचा आवाज रोज पडतो. शेवटची डीसी लोकल हार्बरवर ९ एप्रिल २०१६ च्या रात्री धावली. त्याआधी एक्क्याण्णव वर्षं पहिली गाडी कुर्ल्यापर्यंत गेली होती तीही बंदराच्याच बाजूने. शेवटच्या गाडीच्या दुसऱ्या दिवशी मी पनवेलहून मुद्दाम गाडीत बसले आणि सीएसटीपर्यंत कुठलंही पुस्तक न उघडता नुसतं ऐकत गेले.

आता सिलिकॉन कार्बाइड आलं आहे आणि आवाजही गेला. आमचा हल्लीचा कन्व्हर्टर सेकंदाला पन्नास हजार वेळा उघडझाप करतो; माणसाचा कान वीस हजारांपलीकडे बहिरा. उरला पडदा, आणि पडदा फसवतो. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भोसरीच्या लॅबमधला टेक्निशियन चाचणी घेत होता आणि त्याच्या स्कोपचा पडदा मला इथे दिसत होता. प्रत्येक उघडझापेनंतर व्होल्टेज भयंकर थरथरत होतं, डिव्हाइसच्या मर्यादेच्या वर उसळ्या मारत होतं. दोन दिवस मी गेटचे रेझिस्टर बदलायला सांगितले, सिम्युलेशन पुन्हा पुन्हा चालवलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "प्रोबची ग्राउंड क्लिप किती लांब आहे रे?" त्याने कॅमेरा वळवला. वीतभर काळी वायर, वेटोळं होऊन पडलेली. काही नॅनोसेकंदांत बदलणाऱ्या व्होल्टेजला वीतभर वायर म्हणजे अँटेनाच. मी म्हटलं, ती काढ आणि टोकाला छोटी स्प्रिंग लाव. निम्मी थरथर गेली. ती कन्व्हर्टरची नव्हतीच, आमच्या मोजण्याची होती. मी शेजारी उभी असते तर पहिल्या मिनिटाला दिसलं असतं. त्यालाही दिसलं असतं, मी त्याला आधी विचारलं असतं तर.

तेव्हापासून मी चाचणी सुरू करण्याआधी वीस मिनिटं नुसतं विचारते: काय दिसतंय, हाताला काय लागतंय, काल आणि आजमध्ये काय बदललं. माझ्या अहवालावर चाचणी घेणाऱ्याचं नाव माझ्या नावाच्या वर असतं. आणि ८०० व्होल्टची चाचणी तो एकटा असताना होत नाही. पुरवठा बंद केला तरी कपॅसिटर भरलेले राहतात. डिस्चार्ज रॉड लावून मीटरवर शून्य बघेपर्यंत ते जिवंत आहेत असंच धरायचं असतं. माणूस चिकटला तर विचुंब्यातून मी काय करणार? दुसरा माणूस खोलीतच हवा. मुदत पुढे गेली तर जाऊ दे. यावरून माझे वरिष्ठांशी दोनदा वाद झाले आहेत आणि मी मागे हटलेले नाही.

परवा संध्याकाळी पूर्ण लोडवर चौथा तास चालू होता. इथे बाहेर पाऊस, डोंगर दिसेनासा झालेला. पडद्यावर सगळे आकडे जागच्या जागी, तापमान हिरव्यात. तो म्हणाला, "मॅडम, आकडे बरोबर आहेत, पण वास येतोय."

"कसला?"

"वार्निशचा. चोककडून. मघाशी नव्हता."

मी म्हटलं, बंद कर. त्याने बटण दाबलं, जोडीदाराला हाक मारली, रॉड उचलला. मीटरवरचे आकडे उतरताना मला दिसत होते: सातशे, तीनशे, नव्वद, अकरा.