प्रस्तावना : निर्णय घरातच व्हावा

घरातील स्वयंचलित नियंत्रण शिकू पाहणारे बहुतेक जण मोबाइलवरून दिवा लावण्यापासून सुरुवात करतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने ती पाण्याच्या टाकीपासून करावी, असे मी सुचवेन. टाकी भरली की मोटर थांबावी, विहिरीचे वा बोअरचे पाणी उतरले तर ती कोरडी फिरू नये, एवढ्या साध्या गरजेत या विषयाची तिन्ही अंगे येतात : जाणणारा सेन्सर, ठरवणारा कंट्रोलर आणि कृती करणारा रिले.

उपकरणांना दुरून हुकूम देण्याची ही विद्या नवी नाही. 1975 साली स्कॉटलंडमध्ये विकसित झालेल्या एक्स-10 पद्धतीने घरातल्याच वीजतारांवरून उपकरणांना संदेश पाठवता येऊ लागले. आपल्याकडे पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तयार केले आणि शेतकऱ्याला विहिरीवरचा पंप मोबाइलवरून चालू-बंद करता येऊ लागला. रात्रपाळीची वीज आली म्हणून अंधारात शेत गाठणे किती जोखमीचे, हे ताडोब्याभोवतीच्या गावांना सांगायला नको. त्या वाटेवर वाघही असतो. 2014 मध्ये ईएसपी-8266 ही वाय-फाय असलेली स्वस्त चिप बाजारात आली आणि ही विद्या आयटीआयच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. तरीही वादळात तारांवर झाड पडले की जंगलातल्या गावांची लाईन जाते, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणून पुढच्या प्रत्येक धड्याची कसोटी एकच आहे : वीज आणि नेटवर्क गेल्यावर, आणि परत आल्यावर, यंत्रणा कशी वागेल? मोटर थांबवण्याचा निर्णय दूरच्या सर्व्हरवर होत असेल, तर नेट गेले की टाकी वाहत राहील. तोच निर्णय घरातल्या कंट्रोलरमध्ये असला, तर मोबाइल ही केवळ सोय उरते.

प्रोग्रॅम लिहितानाही हीच शिस्त हवी. वीज परतताच रिले ‘बंद’ स्थितीत असावा. दोन-तीन मिनिटांनी व्होल्टेज स्थिरावल्यावर पातळी पाहूनच मोटर सुरू व्हावी. सुरू करण्याची आणि थांबवण्याची पातळी वेगवेगळी ठेवावी. दोन्ही निर्णय एकाच खुणेवर सोपवले तर पाणी जरा हिंदकळताच मोटर चालू-बंद होत राहते.

जोडणीत चुकीला जागा नाही. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. म्हणून लहान रिलेने मोठा करंट पेलणारा कॉन्टॅक्टर चालवावा आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. रिले आणि कॉन्टॅक्टर फेजच्या तारेतच बसवावेत. न्यूट्रल तोडली, तर बंद दिसणाऱ्या मोटरमध्येही 230 व्होल्टचा धोका कायम राहतो. जुन्या घरांच्या स्विचबोर्डांत अनेकदा न्यूट्रल आणलेलीच नसते आणि बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागते. खरेदीपूर्वी बोर्ड उघडून पाहावा. मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो तेव्हा घरोघरी कूलर चालतात, म्हणजे पाणी आणि वीज शेजारी नांदतात. तिथे पक्के अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवाच. मुख्य वायरिंगला हात परवानाधारक वायरमननेच लावावा.

हे पुस्तक आयटीआयचे विद्यार्थी, गावोगावचे वायरमन आणि आपले घर समजून घेऊ इच्छिणारी कोणतीही गृहिणी यांच्यासाठी आहे. इंग्रजीची किंवा कॉम्प्युटरच्या पदवीची अट नाही; काळजीपूर्वक पाहण्याची सवय मात्र लागेल. काम सोपवण्यापूर्वी घरच्यांसमोर मेन स्विच पाडून पुन्हा चढवा आणि यंत्रणा कशी सावरते ते दाखवा. कंट्रोलर बिघडला तरी साध्या बटणाने मोटर चालते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना स्वतः करून पाहू द्या. जोडणीचा नकाशा मराठीत काढून बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवा, कारण पुढची दुरुस्ती कदाचित दुसऱ्याच्या हातून होईल. असे जाणते हात एटापल्लीत, सिरोंचात, मूलमध्ये तयार झाले, तर एका जळलेल्या रिलेसाठी कोणत्याही घराला नागपूरच्या माणसाची वाट पाहावी लागणार नाही. त्यासाठीच हा पहिला धडा.